अडलेली

गिरगावच्या चाळीत ऐंशी पावसाळे काढलेले आणि त्यांतली पस्तीस वर्षे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात घरमालक-भाडेकरूंची दफ्तरे सांभाळण्यात घालविलेले माझे मामा लालबागच्या माझ्या विसाव्या मजल्यावरील बिऱ्हाडी क्वचितच येतात; परंतु घरात एक बाळंतीण अडली आहे आणि डॉक्टरांनी दोन दिवसांची मुदत दिली आहे, एवढेच मी फोनवर म्हणालो, तेव्हा ते भर पावसात टॅक्सी करून आले, आणि ती बाळंतीण म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातील एक येमेनी कॅमेलिऑन आहे हे पाहूनही परत फिरले नाहीत.

"आपल्याकडचा घोयरा तो हाच का?" त्यांनी चष्मा पुसत विचारले.

"नव्हे. आपला घोयरा घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ही परदेशची. देश सोडून निघालेल्या मित्राने माझ्या स्वाधीन केली, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे माझ्या नावे रीतसर नोंद आहे."

"म्हणजे ताब्याचा दस्तऐवज पक्का आहे. आता हकिकत सांग. हिचा नर कोठे आहे?"

"नर नाहीच. या जातीची मादी नराविनाही अंडी धरते. तीस-चाळीस, कधी त्याहून पुष्कळ अधिक. त्यांतून पिल्लू निघायचे नसते, पण पोटातला भार खराच असतो. परळच्या डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले, कॅल्शियम दिले. परवापर्यंत अंडी घातली नाहीत तर भूल देऊन पोट उघडायचे आणि अंडाशयासकट सारे काढून टाकायचे. वाचली, तर पुन्हा हा प्रसंग नाही. मामा, वीतभर जिवावर शस्त्र चालवू द्यावे की निसर्गावर भरवसा ठेवावा, हा माझा पेच आहे."

मामा पिंजऱ्यापाशी खुर्ची ओढून बसले. एरवी पोपटी दिसणारे तिचे अंग आता काळपट हिरवे झाले होते आणि त्यावर निळे-पिवळे ठिपके उमटले होते. ज्या पायांची बोटे दोन-तीन अशी जोडलेली, फांदी चिमट्यासारखी धरण्यासाठीच घडलेली, त्याच पायांनी ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा तळ खरवडत होती. थांबे, एक डोळा आमच्याकडे वळवी, आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा खरवडू लागे.

"ही काय शोधते आहे?"

"माती. सारे आयुष्य झाडावर काढणारा हा प्राणी अंडी घालण्यापुरता जमिनीवर उतरतो, ओलसर मातीत भुयार खणतो, अंडी घालून ते बुजवितो, आणि वरची माती पायांनी अशी दाबून सारखी करतो की जागा ओळखू येऊ नये."

"आणि तू माती दिली नाहीस."

"स्वच्छतेसाठी तळ कोरा ठेवला होता. बाकी काही कमी केले नाही. हवे तेवढे किडे, दिवसभर ऊब, उन्हाऐवजी खास दिवा, कारण खिडकीच्या काचेतून हाडांना लागणारे किरण येत नाहीत. आता वाचतो, तर म्हणतात की अतिपोषणानेच अंडी वाढतात. जाणकार लोक मादीचे अन्न आणि ऊब दोन्ही बेताने ठेवतात. पण पुढ्यात भुकेला जीव असताना हात आखडता घेणे ही दया म्हणायची?"

"त्याला आपल्या घरांत पथ्य म्हणतात, आणि पथ्य सांभाळणाराला मायेचा थोडा उपमर्द सोसावाच लागतो. तुझी माया खोटी नाही. पण तिने हिला जे सहज देता येईल ते दिले आणि जे अवश्य होते ते दिले नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. हिची धाव जमिनीपर्यंत असायची, आणि तू ती जमीन वीस मजले खाली ठेवलीस. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते ती काही सासरी अन्न नसते म्हणून नव्हे. हिला माहेर नाही, आणि तू मात्र शस्त्रक्रिया की निसर्ग, असा वाद मांडून बसलास! बिनमातीच्या पिंजऱ्यात निसर्ग आहेच कोठे, की त्याच्यावर भरवसा ठेवावा?"

मी काही वेळाने म्हणालो, "खालच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणतो."

"शाडू वाळला की दगड होतो. धुतलेली रेती आण, तीत तांबडी माती मिसळ; मुठीत दाबली की गोळा राहावा पण पाणी सुटू नये. बादलीत फूटभर तरी भर." मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहून ते म्हणाले, "आणि हे काय?"

"सकाळपासून चित्रण करतो आहे. डॉक्टरांना दाखवायला."

"तुझ्या आईचा जन्म आमच्या खोलीतच झाला. दहा बाय बाराची जागा. आजीने दोरीवर लुगडे टाकले आणि वडिलांसकट साऱ्या पुरुषांना गॅलरीत काढले. चाळीत कोणाचे काही झाकून राहत नसे, भिंतीपलीकडचा खोकलासुद्धा ओळखीचा. तरीही त्या रात्री गॅलरीत बसलेल्या प्रत्येकाने खोलीकडे पाठ केली होती. आम्हांला काळजी नव्हती असे नव्हे. पाठ करणे हाच तेव्हा काळजीचा प्रकार होता."

"हिच्याविषयीही तेच सांगतात," मला कबूल करावे लागले. "खणताना कोणी पाहते आहे असे वाटले तर भुयार अर्धे टाकून देते, आणि तशीच अंडी धरून बसते. पण मामा, तुमच्या लुगड्याआड सुईण होती. इथे मी न पाहावे तर दुसरे कोण पाहणार? दिवसा डोळे मिटू लागली, फांदीवरची पकड सुटली, तर तासांचा प्रश्न असतो. पाहावे तर ती अडते. न पाहावे तर ती मरेल आणि मला कळणारही नाही."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. "हा खरा पेच," ते शेवटी म्हणाले, "आणि याचा निवाडा माझ्यापाशी नाही. कायद्याचे बघ: हिचा मृत्यू झाला तर कळवायचा, पिल्ले झाली तर कळवायची, पण या दोहोंमधल्या रात्रीसाठी कलम नाही. ती रात्र ताबेदारानेच काढायची असते. मी एवढेच म्हणेन की पडदा लाव, आणि त्याला बोटभर भोक ठेव. पण त्यातून तुझ्या जिवाची तगमग शमविण्यासाठी पाहू नकोस, तिला गरज असेल तेव्हा पाहा. हा फरक तुला दर वेळी कळेलच असे नाही. डॉक्टरांची मुदत मोडू नकोस. शस्त्रक्रिया हे पाप नव्हे, आणि ती करावी लागली तर लाजू नकोस. मात्र जी गोष्ट बादलीभर मातीने व्हायची, ती शस्त्राने करवून घेतली आणि तिलाच उपचार म्हटले, असे व्हायला नको."

संध्याकाळी मी रेती आणि माती मिसळली, मुठीत दाबून पाहिली, बादली पिंजऱ्यात ठेवली आणि आईचे जुने लुगडे सभोवार सोडले. मामांनी दोन खुर्च्या गॅलरीत नेल्या आणि दोन्हींची तोंडे समुद्राकडे केली. आम्ही फारसे बोललो नाही. अकराच्या सुमारास पाऊस थांबला, आणि मागच्या शांततेत रेती सरकल्यासारखा आवाज झाला. निदान मला तसे वाटले. मी वळू लागलो तोच मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि तो सुरकुतलेला हात थरथरतो आहे हे माझ्या ध्यानात आले.