परतीची वेळ

कोकणात किनाऱ्याने चालायचं तर आधी तिथी बघावी लागते. जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वा अकराला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. बंदरांची छापील कोष्टकं याहून अचूक असतात, पण घरबसल्या बेत आखायला हा हिशेब पुरतो.

या हिशेबात एक अडचण आहे. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, ओहोटी भर दुपारी येते, पण पाणी फारसं मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे जातं, डोंगराच्या पायथ्याचे खडक उघडे पडतात, पण ते पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला. म्हणजे समुद्र सगळ्यात मोठी वाट देतो ती नेमकी उजेड नसताना किंवा उजेड जाताना.

गुहागरपासून दक्षिणेला जयगडच्या खाडीपर्यंतचा किनारा मी बरीच वर्षं तुकड्यातुकड्यांनी चालतो आहे. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. दोन पुळणींच्या मधे डोंगराची सोंड समुद्रात उतरलेली असते, आणि प्रत्येक वेळी प्रश्न तोच असतो: वरून जायचं की खालून? वरून जायचं तर पाखाडी चढून सड्यावर यायचं. तिथे जांभ्याचा उघडा कातळ, ना सावली ना पाणी, पण वाट पक्की. खालून जायचं तर खडकांवरून, पाणी परत यायच्या आत. बेत आखणं म्हणजे या दोहोंतलं एक निवडणं, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

काही वर्षांपूर्वी पौष पौर्णिमेला आम्ही तिघे वेळणेश्वरला होतो. बेत माझा होता. साडेचारला निघायचं, सव्वापाचच्या ओहोटीला सोंडेच्या टोकाशी असायचं, अंधार पडता पडता हेदवीच्या बामणघळीपाशी पोचायचं आणि रिक्षाने परत यायचं. थोडा उशीर झालाच तर पौर्णिमेचं चांदणं होतं. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना सांगितलं, “खालून जातोय, साडेसातला जेवायला येतो.”

चंद्र अगदी वेळेवर उगवला. पण तो पूर्वेला उगवला आणि आम्ही डोंगराच्या पश्चिमेला, पायथ्याशी होतो. चांदणं डोंगर ओलांडून आमच्यापर्यंत यायला अजून दोनेक तास होते. शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट माझ्या बेतात नव्हती. त्याआधी खडकांतल्या डबक्यांत रमून आम्ही पाऊण तास घालवला होता. पुढे एका घळीत पाणी होतं, ती ओलांडता येईना. मागे वळलो तर येताना कोरडं असलेलं वळण भरायला लागलं होतं. मग करवंदीच्या जाळीतून, ओरबाडत, हातापायांवर वर चढलो आणि आठच्या सुमाराला सड्यावर आलो.

वर लख्ख चांदणं होतं. कातळ पांढरा दिसत होता. आम्ही बसलो, पाणी प्यायलो, हसलो, फोटो काढले. फोनला रेंज होती. मी पहिला फोन दुपारच्या रिक्षावाल्याला केला. काकूंना फोन करायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण माझ्या लेखी गोष्ट संपली होती. आम्ही सुखरूप होतो.

घरी पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. काकू ओटीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, “आलात? देव पावला. आता त्या पोरांना हाक मारायला हवी कुणीतरी, खाली गेलीत तुम्हाला शोधायला.” त्यांचा पुतण्या आणि वाडीतले आणखी दोघे साडेआठलाच बॅटऱ्या घेऊन खडकांवर गेले होते. तिथे रेंज नव्हती. ओहोटीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सगळ्यात वेगाने चढतं. आम्ही फोटो काढून रिक्षाची वाट बघत होतो, तेव्हा ते आमच्या नावाने हाका मारत त्या पाण्याशेजारी चालत होते. साडेदहाला परत आले. पुतण्याचा पाय कालवांच्या धारेने चिरला होता. मला बघून तो एवढंच म्हणाला, “वरून आलात होय? बरं केलंत.”

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. सकाळी मी त्याच्या औषधपाण्यासाठी पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. तेव्हा तो संकोच वाटला. आता वाटतं, ते पैसे त्याच्यासाठी नव्हतेच, माझ्यासाठी होते. त्याने घेतले असते तर मी मोकळा झालो असतो. हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे: मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दंड भरला की उशीर विकत घेतल्यासारखा झाला, आणि थांबून राहिलेल्या बाईंची लाज वाटेनाशी झाली. त्या पोराने नकळत माझी लाज शाबूत ठेवली.

डोंगरात आणि समुद्रावर जाणाऱ्यांचं एक आवडतं वाक्य असतं: माझ्या जिवाचा धोका मी पत्करतो, इतरांना काय त्याचं? हे वाक्य पोरकट नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये त्याच्या बाजूचं चांगलं उदाहरण दिलं आहे. पूल पडायला आला आहे हे ठाऊक नसलेला माणूस त्यावर पाय ठेवत असेल आणि सावध करायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागे ओढायला हरकत नाही. पण धोका नुसता संभाव्य असेल आणि माणूस जाणता असेल, तर त्याला सावध करावं. जायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवावं. मला आजही हे पटतं. पावसाळ्यात किनारे आणि धबधबे सरसकट बंद करणारे आदेश निघतात, तेव्हा जाणत्या माणसालाही लहान मूल समजलं जातंय असं वाटून मी चिडतो.

पण मिलच्या पुलाखाली कुणी उभं नाही. माझ्या पुलाखाली वाडी आहे. तिथली माणसं मी सावध होतो की बेफिकीर, हे विचारून खाली उतरत नाहीत. सह्याद्रीत कुणी दरीत पडलं तर नोकरीधंदा टाकून, दोर घेऊन निघणारे गिर्यारोहकही तसेच. न मागता मिळणाऱ्या मदतीची ही पंचाईत आहे. ती नाकारायची सोय माझ्याकडे नाही. ‘माझ्यामागे येऊ नका’ असं मी लिहून ठेवलं असतं, तरी तो पोरगा गेलाच असता. म्हणजे धोका माझ्या एकट्याचा असावा, ही गोष्ट माझ्या हातातच नाही.

मग चालायलाच जाऊ नये का? मी बराच काळ या प्रश्नापाशी अडलो होतो. कुणावर भार पडेल म्हणून काहीच करायचं नाही, असं ठरवलं तर माणसाने उंबरठाही ओलांडू नये. कोळ्याचा धोका पोटासाठी आणि माझा हौसेसाठी, हा फरक खरा आहे. पण हौस म्हणजे गुन्हा नव्हे, आणि काकूंनीही मला तसं कधी सुचवलं नाही. मला वाटतं, फरक दुसरीकडे आहे. समुद्रावर जगणारी माणसं आपल्या परतण्याचा हिशेब मागे राहिलेल्यांना धरून करतात. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण मासळीच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. होड्या वर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत खडकावर अडकलेल्याला आणायला होडी खाली लोटावी लागली, तर ती कोण लोटणार? माझ्या बेतात तोवर असला प्रश्नच नव्हता. त्यात तिथी होती, अंतर होतं, पाण्याच्या बाटल्या होत्या. काकू नव्हत्या.

त्यांना मी ‘साडेसात’ म्हणालो, ते मला शिष्टाचाराचं बोलणं वाटलं होतं. त्यांनी तो शब्द समजून घेतला होता. साडेसात वाजेपर्यंत काळजी करायची नाही आणि साडेसातनंतर करायची, एवढं काम मी त्यांच्या गळ्यात घालून निघालो होतो. सड्यावर पोचल्यावर त्यांना त्यातून सोडवणं माझं काम होतं. वाट चुकणं, चंद्राचा हिशेब चुकणं, या चुका मी स्वतःला माफ करू शकतो. तो न केलेला फोन मात्र अजून टोचतो.

आता बेताच्या कागदावर मी सगळ्यात वर एक नाव लिहितो, जे माझी वाट बघणार आहे त्याचं. निघण्याआधी त्या माणसाला विचारतो, बघाल का? त्याखाली परतीची वेळ: या वेळेला, जिथे असू तिथून, मागे फिरायचं. वाट बदलली तर पहिला फोन त्या नावाला.

हे लिहिण्याइतकं पाळणं सोपं नाही. गेल्या हिवाळ्यात त्याच सोंडेच्या टोकापासून आम्ही दहा मिनिटांवर होतो. पाणी शांत होतं, उजेड होता, बरोबरचे म्हणत होते की एवढं जाऊन येऊ. वेळ झाली होती. आम्ही फिरलो आणि वर येऊन मला वाटत राहिलं की उगाच फिरलो, आरामात झालं असतं. बहुधा झालंही असतं.

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “इतक्यात? मी अजून भात नाही टाकला.”