संकल्प, वर्गणी आणि उद्यापन

एखाद्या समुदायाचे सभासदत्व द्रव्याने प्राप्त होते की आचरणाने, हा प्रश्न, वर्तमानपत्रांपासून व्यायामशाळांपर्यंत जो तो आपले वर्गणीदार वाढविण्याच्या खटपटीत असलेल्या आजच्या काळात, धर्मविचाराच्या कक्षेत आणून तपासला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

वारकरी संप्रदायाने त्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. तुळशीची माळ गळ्यात घालण्यास शुल्क पडत नाही. पत्करावी लागतात ती बंधने: पंढरीची वारी, एकादशी, मद्यमांसाचा त्याग. परंतु तोच माळकरी ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीबरोबर दिंडीत निघतो तेव्हा त्याला भिशी भरावी लागते, कारण पंढरपूरपर्यंत एवढ्या माणसांना दोन्ही वेळा जेवू घालायचे, त्यांच्यासाठी राहुट्या उभारायच्या, सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर बरोबर न्यायचा, तर त्याचा खर्च कोठून तरी भागलाच पाहिजे. आणि दिंडीचालक त्यासाठी हिशेबाची वही उघडून बसला तर त्याने भक्तीला यत्किंचितही उणेपण येत नाही. मात्र भिशी भरल्याने कोणी वारकरी ठरत नाही, आणि ती भरण्याची ऐपत नसलेला मनुष्य दिंडीबाहेरच्या मोकळ्या समाजातून, वाटेवरच्या गावांच्या अन्नदानावर, त्याच विठ्ठलाकडे चालत जातो. पैसा सामायिक खर्चाचा वाटा म्हणून घेतला जातो; नाते त्याच्या आधीच जडलेले असते.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. वारी दरवर्षी पायांनीच रुजू करावी लागते. पूर्वी मासिकाची वर्गणी संपली की अंक व्ही.पी.ने येई, पोस्टमन दारात उभा राही, आणि पैसे मोजून अंक सोडवून घ्यावा की परत धाडावा याचा निर्णय वाचकाला त्या क्षणी, जागेपणी, करावा लागे. आता खात्यातून रक्कम आपोआप वळती होते. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2021 पासून अशा वसुलीपूर्वी किमान 24 तास सूचना देणे बंधनकारक केले, हे उत्तमच झाले. पण विस्मृतीमुळे टिकून राहिलेल्या वर्गणीदारास सभासद म्हणावे काय, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नाही. आपल्या व्रतांना आरंभी संकल्प असतो आणि शेवटी उद्यापन. सोळा सोमवार करणारी स्त्री सतराव्या सोमवारी यथासांग उद्यापन करते. तिने व्रत टाकले असे कोणी म्हणत नाही, ते पूर्ण झाले असेच म्हणतात. सन्मानाने बाहेर पडण्याची ही वाट ज्या सभासदत्वाला नाही, त्यात शिरताना केलेला संकल्पही मला अपुरा वाटतो.

निश्चित उत्पन्नावाचून संस्था जगत नाहीत, हे मला मान्य आहे. ग्रंथालयाच्या नोकरवर्गाचा पगार केवळ सद्भावनेवर होत नाही. म्हणूनच सभासद वाढवू पाहणाऱ्या चालकांना माझी विनंती एवढीच, की मुदत संपण्याच्या महिनाभर आधी त्यांनी सभासदाला पत्र पाठवावे, नाव कमी करणे नाव नोंदविण्याइतकेच सोपे ठेवावे, आणि वार्षिक अहवालात नव्याने आलेल्यांच्या आकड्याशेजारीच, जे विचारपूर्वक पुन्हा राहिले त्यांचा आकडा निराळा छापावा.