आजचं चिंतन : एकादशी, खिचडी आणि माझी जीभ



काल एकादशी. ऑफिसमधून दमून येताना घराजवळच्या हॉटेलात शिरलो, साबुदाण्याची खिचडी सांगितली. पाऊण तासाने आली ती मिसळ! परत पाठवली, तर खिचडी आली थंडगार. माझा पारा चढला. वाढणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं. मॅनेजर धावत आला, म्हणाला, "साहेब, याच्या पगारातून कापतो." मी काहीच बोललो नाही. पैसे दिले, निघालो.

आज सकाळी वाचनात नेमका गीतेचा १७ वा अध्याय, श्लोक १५. भगवंत तिथे वाणीचं तप सांगतात. समोरचा अस्वस्थ होणार नाही असं, खरं, गोड आणि हिताचं बोलणं; शिवाय स्वाध्याय. मी रात्रभर स्वतःला समजावत होतो, की मी खरंच तर बोललो! पण भगवंतांनी खऱ्याला एकटं सोडलेलंच नाही. उपास फक्त पोटाला होता, जीभ मोकाट.

मग थंड खिचडी मुकाट्याने गिळायची का? नाही हो, तक्रार करावीच. पण चूक स्वयंपाकघरातली होती की ऑर्डर लिहिणाऱ्याची, हे मी विचारलंसुद्धा नाही. हाताशी सापडला त्याच्यावर ओरडलो. आणि पगार कापतो म्हटल्यावर गप्प बसलो, ते जास्त टोचतंय. बोलायचं तर तिथे होतं.

मोबाइलवर रिव्ह्यू अर्धवट लिहून ठेवलाय. खिचडीबद्दलचं राहू दिलंय, त्या मुलाबद्दलचं वाक्य खोडलं. संध्याकाळी मॅनेजरला भेटायला जातोय.