दुसऱ्याच्या अंगावर धोका घालण्याचा अधिकार

तूप आणि प्लेग ह्यांचा कांहीं संबंध असेल असें तुम्हांस कधीं वाटलें होतें काय? तो होता. १८९६ सालच्या अखेरीस मुंबईंतील ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा जागेंत वाल्डेमार हाफकिन नांवाचा गृहस्थ बाटल्यांत मांसाचा रस भरून त्यावर तुपाचे थेंब सोडीत असे. त्यांत प्लेगाचे जंतु घातले म्हणजे ते त्या तरंगत्या थेंबांना धरून वाढत आणि वडाच्या पारंब्यांप्रमाणें खालीं लोंबूं लागत. बाटली हलविली कीं पारंब्या गळून तळाशीं बसत व थेंबांखालीं नव्या फुटत. असें कित्येक आठवडे पीक काढून झाल्यावर तो रस ६५ ते ७० अंशांवर सुमारें तासभर तापवीत, म्हणजे जंतु मरत. हे मेलेले जंतु मनुष्याच्या अंगांत टोंचले असतां शरीर त्यांची ओळख करून घेतें, आणि पुढें जिवंत शत्रु दारीं आला तर त्यास तोंड देण्याची तयारी अगोदरच झालेली असते. लस म्हणतात ती हीच.

हा रस बोकडाच्या मांसाचा असे. यूरोपांत असल्या कामास गाईचें मांस वापरीत. परंतु तें येथें हिंदूस चालणार नाहीं व डुकराचें मुसलमानास चालणार नाहीं, हें जाणून त्यानें हा फेर केला. जंतूंना त्याचें सुखदुःख नव्हतें. ज्यांच्या अंगांत सुई जावयाची त्यांच्या मनाची ही काळजी होती, आणि ती आम्हांस त्या शोधाहून कमी मोलाची वाटत नाहीं.

हाफकिन काळ्या समुद्राकांठच्या ओडेसा शहरीं १८६० सालीं जन्मलेला यहूदी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम केलेला. पटकीवरील लस घेऊन तो १८९३ सालीं हिंदुस्थानांत आला होता. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनीं प्लेग ओळखला, आणि थोड्याच दिवसांत हाफकिनला तिकडे पाठविण्यांत आलें. तीन महिन्यांत लस तयार झाली. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती पहिल्यानें टोंचण्यांत आली, ती त्याच्या स्वतःच्याच अंगांत. पुढें इतरांस देत त्याहून मात्रा मोठी होती. ताप आला, अंग दुखलें, आणि तो बरा झाला.

आतां आमचा प्रश्न असा कीं, एवढ्यानें त्यास दुसऱ्याच्या अंगांत सुई घालण्याचा अधिकार प्राप्त झाला काय?

पुष्कळ वाचक म्हणतील, झालाच. २०२१ सालीं कोरोनाची लस गांवोगांव आली, तेव्हां सांगावयास येणाऱ्या प्रत्येकास लोक पहिला प्रश्न हाच करीत कीं, "तुम्ही स्वतः घेतली काय?" प्रश्न रास्त होता. जो आपलें अंग राखून दुसऱ्याचें पुढें करितो त्याचें कोणीं ऐकावें? तथापि हा न्याय पुरता नाहीं. आठवड्याच्या बाजारांत जडीबुटी विकणारा वैदूही आपली पूड लोकांसमक्ष चिमूटभर तोंडांत टाकितो. तेवढ्यानें ती पूड औषध ठरत नाहीं. हाफकिन बरा राहिला, ह्यावरून इतकेंच दिसलें कीं त्या लशीनें एक निरोगी मनुष्य मेला नाहीं. ती प्लेगापासून वांचविते कीं नाहीं, हें त्याच्या एकट्याच्या शरीरावरून कळणें शक्य नव्हतें. शूर मनुष्याचीही चूक होते. आणि त्याच्यामागून त्याच वाटेनें शंभर जण गेले तर ती शंभरांची होते.

म्हणून पुष्कळ माणसें पाहिजे होतीं. तीं कोठें मिळालीं? भायखळ्याच्या तुरुंगांत. तेथें प्लेग शिरला होता. जानेवारीच्या अखेरीस सुमारें दीडशें कैद्यांनीं आपण होऊन लस घेतली. तितक्यांहून कांहींसे अधिक तसेच राहिले. पुढील दिवसांत टोंचलेल्यांपैकीं दोघांस प्लेग झाला, पण मेला कोणी नाहीं. न टोंचलेल्यांपैकीं बारांस झाला, त्यांतील सहा मेले.

हिशेब लशीच्या बाजूचा आहे खरा. परंतु कुलपाआड असलेल्या मनुष्याच्या "होय" ला होय म्हणावें काय, हा प्रश्न राहतोच. तुरुंगाधिकाऱ्यापुढें नाहीं म्हणावयास किती धैर्य लागत असेल, हें चावडीवर उभा राहिलेला प्रत्येक गरीब जाणतो. दुसऱ्या महायुद्धांत बंदिवानांवर झालेल्या क्रूर प्रयोगांचा न्याय १९४७ सालीं न्यूरेंबर्ग येथें झाला, आणि तेव्हांपासून वैद्यकानें मानलें कीं जुलमाच्या किंवा दडपणाच्या छायेखालीं दिलेली संमति ही संमति नव्हे. हाफकिनच्या पक्षीं एवढें म्हणतां येईल कीं, त्या वेळीं मुंबईचे लाखों लोक पळून गेले होते; कैद्यांस तो मार्ग नव्हता. त्यांना पळतां येत नव्हतें, म्हणूनच संरक्षणावर त्यांचा हक्क अधिक होता. आणि अर्ध्याहून अधिकांनीं नाहीं म्हटलें व त्यांस जबरीनें कोणीं टोंचलें नाहीं, हेंही विसरूं नये.

जबरीचा मार्ग त्याच साली पुण्यांत चालला होता. रँडसाहेबांच्या हुकुमानें गोरे सोजीर घरांत शिरून रोगी शोधीत. हेतु रोगी निराळे ठेवण्याचा, म्हणजे वाईट नव्हे. फळ काय झालें? लोक आपले आजारी माळ्यावर व कोठीच्या खोलींत लपवूं लागले, आणि ता. २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडण्यांत आली. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या दवाखान्यांत प्लेगाच्या रोग्यांची सेवा करीत असतां त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. त्यांना कोणास दारांतून ओढून काढावें लागलें नाहीं.

अधिकाराची खरी परीक्षा मात्र अनर्थ झाल्यावर होते. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचली. त्यांतील १९ जणांस एकाच बाटलींतील लस मिळाली होती. ते सर्व धनुर्वातानें मेले. चौकशी झाली, दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, आणि हाफकिनला कामावरून दूर करण्यांत आलें. वास्तविक गांवांत बूच काढतेवेळीं कंपौंडरच्या हातून चिमटा मातींत पडला होता, व नीट शुद्ध न करितां तोच पुन्हां वापरला, असें पुराव्यांत आलें होतें. मलेरिया व डांस ह्यांचा संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस व त्यांचे सहकारी १९०७ सालीं लंडनच्या टाइम्स पत्रांत त्याच्या वतीनें लिहिते झाले, आणि त्या वर्षाच्या शेवटीं त्यास पुन्हां नोकरींत येण्यास बोलाविलें. तो आला, पण मुंबईस नव्हे, कलकत्त्यास.

हाफकिनवर अन्याय झाला ह्यांत शंका नाहीं. पण त्याच्या बाजूनें लिहिणारे विद्वान होते. मुल्कोवालच्या त्या १९ घरांच्या बाजूनें कोण लिहिणार होतें? चिमटा कोणाचा, बाटली कोणाची, हा वाद पांच वर्षें चालला. त्या घरांतील माणसें भल्या विश्वासानें पुढें आलीं होतीं, आणि दोष कोणाचाही असो, त्यांच्या मुलांबाळांचें देणें सुई देणाऱ्या पक्षाकडेच राहत होतें, असें आमचें मत आहे. ज्याला दुसऱ्यास पुढें बोलवावयाचें आहे त्यानें संध्याकाळीं त्याच्या दारीं जाऊन ताप किती आहे हें पाहण्याचीही तयारी ठेविली पाहिजे.

ती लस अपुरी होती. तिचें संरक्षण कांहीं महिनेच टिके, आणि आज प्लेग औषधांनीं बरा होतो. तरी तेव्हां दुसरें कांहीं हातीं नव्हतें. मुल्कोवालची बातमी पसरल्यावर पंजाबांतील टोंचणीची मोठी मोहीम कोलमडली. १९०७ सालीं, हाफकिन निर्दोष ठरला त्याच वर्षीं, हिंदुस्थानांत प्लेगानें दहा लाखांहून अधिक माणसें मेलीं. त्यांतील फार मोठा भाग पंजाबांतला होता.