दुसऱ्या गटातला माणूस

आमचे चाचा २०११ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. ऑपरेशन होऊन दोन वर्षे झाली होती. मग एका तपासणीत यकृतावर डाग दिसले आणि केमोथेरपीची जी दोन-तीन औषधे हाताशी होती ती एकामागून एक निकामी ठरली. तेव्हा डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीविषयी सांगितले. रुग्णांचे दोन गट पडणार होते. एका गटाला औषध मिळणार होते. दुसऱ्याला वेदनाशामके, देखभाल, लागेल तशी शुश्रूषा मिळणार होती, पण ते औषध नाही. कोण कुठल्या गटात हे डॉक्टरांच्या हाती नव्हते, ते संगणक ठरवणार होता.

संमतिपत्र मराठीत होते, पण पाने बरीच. चाचांची नजर अधू, म्हणून थोरल्या मुलाने वाचून दाखवले. कागदावर ‘कॅन्सर’ असेल तिथे तो ‘आजार’ वाचत होता; घरात तसे ठरलेच होते. या चाचणीचा रुग्णाला स्वतःला फायदा होईलच असे नाही, अशा अर्थाचा मजकूर आला तेव्हा तो जरा थांबला आणि त्याने पान उलटले. आम्ही शेजारीच बसलो होतो. तो मजकूर आम्हाला दिसत होता. आम्ही गप्प राहिलो.

असे प्रयोग करावेत का, हा प्रश्न तसा सोपा आहे. आमच्या मोहल्ल्यात त्याची दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे डॉक्टर गरिबाला उंदीर समजतात. दुसरे, विज्ञानासाठी कुणीतरी त्याग करायलाच हवा. दोन्ही उत्तरे देणारा माणूस सहसा स्वतः आजारी नसतो.

वक्त्यांना अल्-राझी आणि इब्न सिना यांची नावे घ्यायला आवडते. इब्न सिनाने औषध पारखण्याचे नियम घालून दिले. त्यातला एक असा की, पारख माणसाच्या शरीरावरच व्हायला हवी. सिंहावर किंवा घोड्यावर गुण आला म्हणून माणसाला येईलच असे नाही. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी होऊन गेलेल्या राझीने मेंदूच्या दाहाच्या काही रुग्णांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, फरक कळावा म्हणून. भाषणात राझीचे कौतुक होते. ज्यांना मुद्दाम तसेच ठेवले त्यांना कुणी विचारले होते का, हे आम्ही कधी कुणाला विचारताना ऐकले नाही. आणि गंमत अशी की, रक्त काढणे हा त्या आजारावरचा उपाय नव्हे, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे ज्यांना उपचार मिळाला नाही असे वाटत होते, त्यांचे काहीच बुडाले नव्हते.

पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या बाबतीत हेच पुन्हा घडले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सगळी केमोथेरपी करून चुकलेले ५७२ रुग्ण घेतले. निम्म्यांना दर आठवड्याला सेटुक्सिमॅब हे औषध दिले, निम्म्यांना केवळ शुश्रूषा. २००७ साली निष्कर्ष छापून आले. औषधाच्या गटातले रुग्ण सरासरी ६.१ महिने जगले, दुसऱ्या गटातले ४.६. दीड महिन्याचा फरक. एवढ्यासाठी निम्म्या माणसांना औषधाविना ठेवले, असे कुणीही म्हणेल.

पण गाठीचे तुकडे जपून ठेवलेले होते. बहुतेक रुग्ण तोवर वारले होते. ३९४ जणांच्या तुकड्यांत केरास नावाचे जनुक तपासले गेले. सुमारे ४० टक्क्यांत ते बिघडलेले निघाले, आणि त्या रुग्णांना औषधाचा काडीचाही उपयोग झालेला नव्हता. मिळाले ते अंगभर पुरळ. ज्यांचे जनुक शाबूत होते ते मात्र औषधावर ९.५ महिने जगले, औषधाविना ४.८. हे २००८ साली छापून आले. आता हे औषध द्यायचे तर आधी जनुक तपासतात. दुसरा गट नसता तर हा हिशेब लागलाच नसता.

तेव्हा प्रयोगाला आमचा विरोध नाही. आम्हाला अडते ते पुढे. कुणी म्हणेल, चाचांच्या हातून सदका-ए-जारिया घडला. पण सदका आपल्या मालकीच्या वस्तूचा होतो. दुसऱ्याच्या खिशात हात घालून खैरात करता येत नाही. शरीर ही अमानत आहे असे आपण मानतो. मग त्या अमानतीवर चाचांच्या मुलाचा आणि पुतण्याचा हक्क कुठून आला?

मुलाची बाजू आम्हाला कळते. त्याला बापाची उमेद मोडायची नव्हती. पण त्या उमेदीची किंमत चाचाच ठरवू शकत होते. रेगोराफेनिब नावाच्या गोळीची चाचणी ७६० रुग्णांवर झाली. तिचा निष्कर्ष ६.४ महिने विरुद्ध ५ महिने. म्हणजे सुमारे बेचाळीस दिवस. बेचाळीस दिवसांत एक अख्खा रमजान मावतो, वर ईदही होते. पण त्या गोळीने तळहात-तळपाय सोलवटतात, थकवा येतो, जुलाब होतात. असे दिवस घ्यावेत की घरी शांत पडून राहावे, हे ज्याचे तळपाय त्यालाच विचारायला नको का? आणि विचारायचे तर आधी खरे सांगावे लागते.

२०१३ च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने संमती घेतानाचे चित्रीकरण सक्तीचे केले. २०१५ मध्ये ही सक्ती दुर्बल घटकांवर होणाऱ्या अगदी नव्या औषधांच्या चाचण्यांपुरती उरली. आमच्या वेळी कॅमेरा असता तर त्यात एक म्हातारा माणूस, वाचणारा मुलगा आणि बाजूला बसलेला पुतण्या एवढेच दिसले असते. उलटलेल्या पानावर काय होते ते दिसले नसते.

वाचून झाल्यावर चाचांनी पेन मागितले. सही करण्याआधी ते मुलाला म्हणाले, “ज्याला दवा मिळणार नाही, त्याच्याकडं कोण बघणार रे?”

मुलाने सांगितले, त्याच्याकडेही डॉक्टर बघतील. मग त्यांनी सही केली. तो प्रश्न त्यांनी स्वतःसाठी विचारला की त्या दुसऱ्यासाठी, न वाचलेले पान त्यांना न वाचताच कळले होते का, हे आम्ही त्यानंतरही विचारले नाही. आठवडाभराने निरोप आला. चाचा दुसऱ्या गटात होते.