तपासणी कुणासाठी?

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार लागतो. घेणारा घोड्याचा जबडा उघडून दात पाहतो, खूर उचलतो, अंगावरचे भोवरे निरखतो, पळवून चाल बघतो. ही पारख घेणाऱ्याच्या पैशाच्या राखणीसाठी असते. व्यवहार जनावराचा आहे, त्यात वावगे काही नाही. पण बायकांच्या शरीराची अशीच पारख या देशात एकेकाळी कायद्याने होत होती आणि आपल्याकडच्या लैंगिक आजारांच्या तपासणीचा इतिहास त्या कायद्यापासून सांगावा लागतो.

गोऱ्या शिपायांमध्ये गरमी आणि परमा बळावला म्हणून इंग्रज सरकारने १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा केला. वेश्याव्यवसायातल्या बायकांची नोंदणी, ठरावीक काळाने सक्तीची तपासणी आणि रोग दिसला तर खास इस्पितळात डांबून ठेवणे, असा तो बंदोबस्त होता. मुंबईतही तो लागू झाला. बाई कायद्याच्या कचाट्यात आली, तिच्याकडे येणारा पुरुष बाहेरच राहिला. शास्त्राची अवस्था तर अशी की परम्याचा जंतू सापडला १८७९ मध्ये, गरमीचा १९०५ मध्ये आणि गरमीसाठीची पहिली रक्तचाचणी आली १९०६ मध्ये. म्हणजे जंतू ओळखण्याचे साधन हाती नसताना, नुसत्या नजरेच्या आधारावर बायकांना कोंडले जात होते. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. तपासणी म्हणजे संशय आणि संशय म्हणजे बाई, ही त्याने रुजवलेली समजूत मात्र टिकली.

या समजुतीला मराठीत जाहीर धक्का दिला तो र. धों. कर्व्यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. शरीराबद्दलचे ज्ञान हा प्रत्येक प्रौढ माणसाचा हक्क आहे, रोग हा पाप नसून रोगच आहे, हे ते सरळ शब्दांत लिहीत राहिले. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची वकिली केली. कर्व्यांमुळे विचार एक पाऊल पुढे आला: आरोग्याची माहिती सरकारच्या बंदोबस्तासाठी नसून माणसाच्या स्वतःसाठी असते. पण मासिक वाचता येणाऱ्यांपर्यंतच पोहोचत होते. खेड्यातल्या बाईला काय होते, हे विचारायला अजून कुणी गेले नव्हते.

ते काम गडचिरोलीत झाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि वसा व अमिर्झा या दोन गावांत घरोघरच्या बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून अंदाज बांधण्याऐवजी गावातल्या सर्वसाधारण बायकांना तपासणे, हे त्या अभ्यासाचे वेगळेपण. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. सरासरी काढली तर एकेका बाईला ३.६ आजार. त्यांतले निम्मे जंतुसंसर्गाचे. याआधी कधीतरी स्त्रीरोगांची तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के.

या आकड्यांमध्ये मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक आकडा. ४५ टक्के बायकांची काहीच तक्रार नव्हती. तरीही आजार निघाले ९२ टक्क्यांमध्ये. म्हणजे ‘काही त्रास नाही’ या उत्तरावर विसंबून राहणारी आरोग्यव्यवस्था निम्म्या गावाला चुकवत होती. अंगावरून पांढरे जाणे, कंबर भरून येणे हे तर बाईच्या जन्माला लागलेलेच, अशी घरादाराची आणि तिची स्वतःचीही धारणा. तोवर सरकारी योजनांत बाई दिसायची ती बाळंतपणापुरती आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेपुरती. १९९४ मध्ये कैरोत झालेल्या लोकसंख्या व विकास परिषदेत जगाने प्रजनन आरोग्याचा व्यापक विचार स्वीकारला, त्यामागच्या पुराव्यांत गडचिरोलीच्या या दोन गावांचा वाटा आहे.

गडचिरोलीचे निष्कर्ष छापून आले त्याच १९८९ मध्ये गोव्यात मात्र काळ मागे गेल्यासारखे झाले. नियमित रक्तदान करणारे डॉमिनिक डिसोझा यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि पोलिसांनी त्यांना नेऊन म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. आधार होता गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा. ज्याने दुसऱ्यासाठी रक्त दिले त्यालाच कैदी केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सक्तीच्या विलगीकरणावर देशभर चर्चा पेटली. अशा सक्तीने लोक तपासणीलाच घाबरतात आणि रोग लपून पसरत राहतो, हे आरोग्यखात्यांना पटायला पुढे बरीच वर्षे लागली.

रोग ‘त्या’ वस्तीत असतो, आपल्या घरात नाही, हा समज पुण्याच्या संशोधनाने मोडला. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी १९९३ ते १९९६ या काळात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांतही एचआयव्हीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. त्या बहुतांशी नवऱ्याशी एकनिष्ठ राहिलेल्या विवाहित स्त्रिया होत्या. धोका घरात आला होता तो नवऱ्याकडून. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने ज्या पुरुषाला वगळले होते, त्याला वगळून रोग आवरता येणार नाही, हे आता आकड्यांनी सांगितले.

या सगळ्या अनुभवातून २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल गुप्त राहील, नोकरी-शिक्षण-उपचारात भेदभाव चालणार नाही. १८६८ पासून इथवर यायला दीडशे वर्षे लागली.

संमती मिळाली म्हणून प्रश्न संपत नाही. पुढचा धडा मराठवाड्यातला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा झाली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार झाले, तर त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे २००९ मध्ये जाहीर झाले. उपचाराची जोड असलेली तपासणी जीव वाचवते, याचा हा मोठा पुरावा. पण तुलनेसाठी निवडलेल्या गटातल्या बायकांना अभ्यासकाळात ही तपासणी मिळाली नव्हती आणि त्यावर नंतर गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले. ज्ञान जगाला मिळाले, त्याची किंमत खेड्यातल्या बायकांनी मोजली. त्यामुळे तपासणी कुणासाठी, हा प्रश्न चांगल्या हेतूच्या संशोधनालाही विचारावाच लागतो.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न जवळचा आहे. ऊसतोडीला आणि मजुरीला इथली कुटुंबे गुजरातेत जातात; महिनोन्‌महिने गावाबाहेर राहणाऱ्यांचा दवाखान्याशी संबंध तुटतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे रक्त तपासून घेणे या भागाला नवे नाही. म्हणून तपासणीला लोक तयार नसतात, ही सबब इथे चालणार नाही. तपासणारी व्यक्ती ओळखीची, बाईशी बोलणारी बाई, भिल्ली-पावरीत समजावणारे कुणी, आडोसा, निकालाची गुप्तता, त्याच ठिकाणी औषध आणि नवऱ्याचीही तपासणी; एवढे असेल तर लोक येतील. यातले एकही गाळले तर नुसती आकड्यांची नोंदवही भरेल.

सारंगखेड्याच्या यात्रेला लाखो माणसे येतात. दुकानदार, मजूर, तमाशातले कलावंत, घोडेवाले. तिथे आरोग्याचा तंबू उभारणाऱ्यांना आणि बाराही महिने गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंच्या वरच्या अधिकाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: किती जणांना तपासले हे विचारू नका, किती जणांवर उपचार पूर्ण झाले आणि त्यांच्या जोडीदारांचे काय झाले, हे विचारा. तपासणीचा निकाल ज्याच्या शरीराचा, त्याच्या मालकीचा असतो. त्याचा पहिला फायदाही त्यालाच मिळाला पाहिजे.