सूड मागणारी प्रार्थना



‘देव पाहून घेईल!’ भांडण मिटेनासे झाले की आपल्या तोंडून हे शब्द सहज निघतात. बांधावरून, सामाईक विहिरीवरून, वडिलोपार्जित घरावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. दोघेही रविवारी मिस्साला येतात, दोघेही गुडघे टेकतात. प्रश्न असा की, माझे वाईट करणाऱ्याचे वाईट व्हावे, अशी प्रार्थना मी करू शकतो का?

पवित्र शास्त्रात अशा प्रार्थना आहेत. स्तोत्र १०९ मध्ये शत्रूचेच नव्हे, तर त्याच्या मुलाबाळांचेही वाईट चिंतिले आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर प्रहरांच्या प्रार्थनेचे जे नवे पुस्तक आले, त्यातून ५८, ८३ व १०९ ही तीन स्तोत्रे वगळण्यात आली. बायबलमधून मात्र ती काढलेली नाहीत, आणि तेही योग्यच आहे. दुखावलेल्या माणसाने आपला संताप देवापुढे मांडावा, त्याला तेथे मज्जाव नाही. हातात कोयता घेण्यापेक्षा देवाकडे रडणे केव्हाही बरे.

पण तेथेच थांबलो तर काय होते? न्याय देवावर सोपवणे वेगळे आणि देवाला सुपारी देणे वेगळे. कोणाला, कधी, किती शिक्षा करायची हे मीच ठरवू लागलो, तर न्यायाधीश मी झालो आणि देव माझा गडी!

शास्त्रातील दोन मरणे शेजारी ठेवून पाहा. योवाश राजाच्या काळात जखऱ्या याजकाला मंदिराच्या अंगणात दगडमार झाला. परमेश्वराने हे पाहावे आणि जाब विचारावा, असे म्हणत त्याने प्राण सोडला (२ इतिहास २४). तो नीतिमान होता. त्याने चूक काही मागितले नाही. पुढे संत स्तेफनलाही दगडमार झाला. त्याने मात्र हे पाप त्यांच्या माथी मारू नकोस, अशी विनवणी केली (प्रेषितांची कृत्ये ७). या दोन मरणांच्या मध्ये क्रूस उभा आहे. त्यावरून येशूने आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली होती. स्तेफनच्या मारेकऱ्यांची वस्त्रे शौल नावाचा तरुण सांभाळत होता. स्तेफनने सूड मागितला असता, तर त्या सुडात संत पौलही सापडला असता.

‘मग अन्याय सोसतच राहायचे का?’ नाही. क्षमा म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणे नव्हे. सिस्टर राणी मारिया यांची १९९५ मध्ये मध्य प्रदेशात हत्या झाली. कायद्याने मारेकऱ्याला तुरुंगात धाडले. तो शिक्षा भोगत असतानाच, २००२ मध्ये, त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याच्या हातावर राखी बांधली. शिक्षा तिच्या जागी राहिली. वैर मात्र संपले. सिस्टर राणी मारियांना २०१७ मध्ये इंदूर येथे धन्यवादित घोषित करण्यात आले.

इतके आपल्याला कसे जमावे? संत थॉमस अक्वायनस येथे दिलासा देतात. शत्रूसाठी खास प्रार्थना करणे हे परिपूर्णतेचे लक्षण आहे, ते प्रत्येकावर सदैव बंधनकारक नाही, असे ते सांगतात. मात्र सर्वांसाठी आपण जी प्रार्थना करतो, तिच्यातून शत्रूला वगळता येत नाही. म्हणजे पहिली पायरी फार उंच नाही.

प्रभूने शिकवलेली प्रार्थना ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’ बापाला केलेली आहे. त्या ‘आमच्या’मध्ये तोही आहे. तिच्यातील एकाच मागणीला येशूने आपल्या वागण्याची अट जोडली, ती म्हणजे क्षमेची. आज मिस्सामध्ये ही प्रार्थना म्हणताना ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणू या. मन लगेच निवळणार नाही. तरीही ‘आमच्या’ हा शब्द त्याला बाहेर न ठेवता म्हणू या. शांतीचा अभिवादनविधी त्यानंतरच येतो.

प्रभू आपणां सर्वांना क्षमाशील हृदय देवो.

– आपला धर्मगुरू